गाव सतरा इंच वर

अनंत मोहरील. आधी नाव सांगून टाकते. आमच्याकडे पंगतीत वाढायला सुरुवात मिठापासून करतात, तसं या गोष्टीत पहिलं त्यांचं नाव वाढलं पाहिजे. आज मी घरापासून समुद्रापर्यंत चालत जाते आणि चालतच परत येते ती या माणसामुळे. माझा उजवा गुडघा डॉक्टरांनी बदलला हे खरं. पण तो गुडघा डॉक्टरांपर्यंत ज्यांनी पोचवला, ते मोहरीलभाऊजी.

मोहरीलभाऊजींच्या पँटच्या उजव्या खिशात पाकीट नसतं, टेप असते. सुताराकडे असते तशी, पिवळी, पोलादी, बटण दाबलं की सर्रकन आत पळणारी. ते सुतार नाहीत. नागपूरचे इंजिनिअर आहेत, इथं परदेशात सँडीफोर्डच्या एका कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतात आणि त्याबद्दल त्यांना पगार मिळतो. मला हे कळलं तेव्हा मी म्हटलं, मग माझ्या सासूबाई इथं असत्या तर मॅनेजर झाल्या असत्या.

आम्ही समुद्राकाठच्या डून लेरी या गावात राहायला आलो तेव्हा शेजारच्या दारावर 'मोहरील' अशी पाटी पाहून मला रडूच आलं होतं. आमचे हे हॉटेलात कुक. पुण्यातल्या हॉटेलातून एका ओळखीच्या माणसानं इकडे बोलावलं, मागून मी आले. मीही त्याच हॉटेलच्या किचनमध्ये कणीक मळते, भांडी घासते. दिवसभर आजूबाजूला इंग्रजी, हिंदी आणि पातेल्यांचा आवाज. त्यात शेजारी मराठी माणूस! पहिल्याच सोमवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, मी त्यांना चहाला बोलावलं.

आले. उंच, किडकिडीत, पन्नाशी ओलांडलेले. सोफ्यापाशी थांबले, पण बसले नाहीत. खिशातून टेप काढली, वाकले, सोफ्याला लावली.

"साडेचौदा," ते म्हणाले.

मी आणि आमचे हे एकमेकांकडे बघत राहिलो. उधारीवर आणलेलं सामान परत न्यायला माणूस आला की काय, असंच मला वाटलं.

"सोफा हो. साडेचौदा इंच. वैनी, तुमाले उठताना त्रास होत असंल. होते का नाही?"

होत होता. पण ते मी अजून आमच्या ह्यांनाही सांगितलं नव्हतं. पहिल्याच भेटीत परक्या माणसानं आपलं दुखणं इंचात सांगावं, याचा मला असा राग आला की मी घुश्शातच विचारलं, "चहा किती घेणार? अर्धा की पूर्ण?"

"अर्धा म्हणजे किती? अंदाज नका सांगू वैनी, आकडा सांगा. मी एकशेवीस मिली घेतो."

'अंदाज नका सांगू, आकडा सांगा.' हे वाक्य पुढं मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतसुद्धा कोणी 'किती वाजले' विचारलं तर मी मिनिटासकट सांगेन.

भाजीत मीठ कमी पडलं तर इतर माणसं गप्प बसतात किंवा लोणचं मागतात. भाऊजी म्हणतात, "पाव चमचा." पोळीचा पहिला घास घ्यायच्या आधी ती ताटात सरळ ठेवून बघतात. एकदा म्हणाले, "वैनी, तुमची पोळी साडेसात इंच. बारा पोळ्या मोजल्या, एकही कमीजास्त नाही. तुम्ही आमच्या ऑफिसात पाहिजे." माझं कौतुक आजवर अनेकांनी केलं, पण मोजून कोणी केलं नव्हतं.

गणपतीच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये मराठी मंडळी जमतात. भाऊजी सगळ्यांच्या आधी जाऊन खुर्च्या मोजतात. कोणती डुगडुगते, कोणती खोल, कोणत्या खुर्चीला हात आहेत. मग भारतातून आलेल्या कुणाच्या आईवडिलांना हाताला धरून नेमक्या खुर्चीत बसवतात. पोरं त्यांना 'टेलरकाका' म्हणतात. एकदा एका वात्रट माणसानं भर पंगतीत विचारलं, "काय मोहरील, लग्न का नाही केलंत? उंची जुळली नाही वाटतं?" सगळे हसले. भाऊजीही हसले आणि म्हणाले, "उंची जुळली होती. बाकीचं मोजायचं राहून गेलं." मग त्याच माणसाच्या वडिलांच्या पाठीमागं उशी ठेवायला गेले.

सगळ्यात मोठी तऱ्हा म्हणजे बाकांची वही. डून लेरीला समुद्राच्या काठानं लांबच लांब रस्ता आहे, ठिकठिकाणी बाकं. भाऊजींच्या निळ्या वहीत प्रत्येक बाकाची नोंद. उंची किती, पाठ आहे का, हात आहे का, वारा कुठून लागतो, सगळं. "हात नसलेलं बाक म्हंजे दांडा नसलेली कढई," ते म्हणतात. "बसता येते, उठवत नाही." स्टेशनच्या पायऱ्या किती, कुठल्या कॅफेत संडासात धरायला दांडा आहे, हेसुद्धा. त्यासाठी ते कॅफेत चहा मागवतात आणि टेप घेऊन आत जातात. एकदा तिथल्या बाईनं दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना? हे आतून ओरडले, "मोजून राहिलोय!" तेही मराठीत. ती म्हणाली, "यू आर ग्रँड." म्हणजे, ठीक आहे, चालू दे. इथली माणसं भली. जग बुडत असलं तरी 'ग्रँड' म्हणतील.

फक्त माझा गुडघा ग्रँड नव्हता.

दहा-बारा वर्षं फरशीवर उभं राहून काढलेली. आधी जिने चढताना कळ यायची, मग उतरताना, मग नुसतं उभं राहिल्यावरही. पाय बाहेरच्या बाजूला वाकायला लागला. मोठ्या दवाखान्यात नंबर लागला तेव्हा एका उंच डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो दाखवला. जात्याचे दोन दगड मधे दाणा नसताना घासावेत, तशी दोन हाडं एकमेकांवर घासत होती. डॉक्टर म्हणाले, बदलायला झालाय. यादीत नाव घालतो, पत्र येईल.

मी आमच्या ह्यांना म्हटलं, "एकच विचारा. नंतर मांडी घालता येईल का?"

ह्यांनी विचारलं. डॉक्टरांना प्रश्न कळेना. ह्यांनी शेवटी त्या खोलीत जमिनीवर मांडी घालून दाखवली, पांढऱ्या डगल्यातल्या त्या माणसासमोर. डॉक्टरांनी मान हलवली. खुर्चीत बसा, चाला, जिने चढा, पोहासुद्धा. पण जमिनीवर बसणं आणि उकिडवं बसणं विसरा.

परत येताना बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसले. आमचे हे म्हणाले, "कसला विचार करतेस?" मी म्हटलं, "काही नाही."

फलटणजवळ आमचं गाव आहे. चार खोल्या, मागं परस, पेरूचं झाड. तिथं आता दीर आणि जाऊबाई शालन राहतात. अजून थोडी वर्षं काम करायचं आणि परत जायचं, हे आमचं ठरलेलं. इथं मी हातपाय चालवते ते त्या घराकडं डोळे लावून. आणि त्या घरात सगळं जमिनीवर आहे. जेवण जमिनीवर, भाजी निवडणं जमिनीवर, देव जमिनीला लागून, दारात बसून बायकांशी बोलणं जमिनीवर. संडास परसात, दोन पायऱ्या चढून, उकिडवं बसायचा. म्हणजे गुडघा बदलला की गाव सुटलं. नाही बदलला तर इथं पाय सुटला. मी कुणाला काही सांगितलं नाही. मनात ठरवून टाकलं, नको.

ज्याला त्याला मात्र सल्ला द्यायचा होता. शालन फोनवर म्हणायची, "आक्का, निरगुडीचा पाला बांधा, हाड कापून घेऊ नगा." ब्लँचर्डस्टाउनला राहणाऱ्या एका मराठी ताई म्हणाल्या, भारतात जाऊन आठवड्यात दोन्ही गुडघे करून घ्या, एकावर एक फुकट. दुसऱ्या म्हणाल्या, त्यांच्या आत्याला भूल दिली ती उतरलीच नाही. मी त्या दिवशी देवाला दोन नारळ जास्त बोलले. कमरेत सुई, पायात लोखंड, परका देश, इंग्रजीत दुखणं सांगायचं. 'ठणकतंय' याला इंग्रजीत काय म्हणतात हेही मला येत नव्हतं. माहेरी भावंडांत सगळ्यात मोठी मी. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा आठवीतून माझी शाळा सुटली. इंग्रजीची गाठ तेव्हा जी सुटली ती सुटलीच.

आणि मग ते पत्र आलं.

पाकिटावर दवाखान्याचं चिन्ह होतं. मी उघडलं. अक्षरं लागली, अर्थ लागला नाही. आमच्या घरात एक रीत आहे. महत्त्वाचा कागद आला की आधी देवापुढं ठेवायचा. दिराच्या मुलाची मार्कलिस्ट, आमचे व्हिसा, लग्नपत्रिका, सगळं. आमचा गणपती इथं किचनमधल्या प्रेसमध्ये असतो. इथं भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात. घरमालक भिंतीत खिळा ठोकू देत नाही, म्हणून कपबशांच्या वर देव. मी पत्राला कुंकू लावलं, चार तांदूळ ठेवले आणि गणपतीच्या खाली सरकवून दिलं.

आणि ते तिथंच राहिलं. विसरले असं नाही. रोज दिवा लावताना पत्राचं टोक दिसायचं. मी नमस्कार करायची आणि प्रेसचं दार लावायची.

एका सोमवारी भाऊजी आले. सोमवारी ते घरूनच काम करतात. मी दिवा लावायला टाच उचलते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. "देव फार वर गेला वैनी. छातीच्या उंचीले पाहिजे. बेचाळीस इंच. मी फळी बसवून देतो, खिळा नाही लागत." असं म्हणून त्यांनी गणपती अलगद उचलून ह्यांच्या हातात दिला. खालून पत्र निघालं. तांदूळ ओट्यावर सांडले.

"वैनी, हे तर दवाखान्याचं आहे."

"हो. देवापुढे ठेवलंय."

"किती दिवस झाले?"

"झाले असतील थोडे."

"अंदाज नका..."

"एकोणीस," मी म्हणाले. रोज मोजत होते ना.

त्यांनी पत्र वाचलं. एकदा, मग पुन्हा. "बाप्पा! देवानं वाचलं का मग?"

मी ओट्यावरचे तांदूळ वेचू लागले.

"देवाले इंग्रजी येत असंल वैनी, पण सही त्याची चालत नाही. ते विचारून राहिले, तुम्हाला यादीत अजून राहायचं आहे का. हो असंल तर हो वर खूण, नाही तर नाही वर. या शुक्रवारपर्यंत उत्तर नाही गेलं तर नाव काढून टाकतील."

आमचे हे गणपती हातात धरून उभे. "मला का नाही दाखवलंस?" एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"काढू दे नाव," मी म्हणाले. "मला करायचंच नाही." आणि मग जे महिनोन्महिने कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं बाहेर आलं. घर, परस, जमिनीवरचं जेवण, आणि शेवटी, पुरुषमाणसापुढं बोलू नये, पण तो संडासही.

भाऊजींनी टेप हातात घेतली होती. "किती इंच?"

"काय किती इंच?"

"संडास."

"अहो, जमिनीतच असतो तो! त्याला इंच कुठले?"

"मग शून्य. शून्य लिहितो." त्यांनी निळी वही उघडली आणि खरंच लिहिलं. "आता बाकीचं घर सांगा."

"बाकीचं घर म्हणजे?"

"पायऱ्या, ओटा, खाट, देव. सगळ्याचा आकडा. तुम्ही ज्या घरासाठी पाय सोडून राहिल्या, ते घर मोजलं आहे का कोणी?"

ह्यांनी गणपती टेबलावर ठेवला आणि शालनला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपारचे चार वाजले होते. घरात टेप कुठली? ती शोधत बसली, मग म्हणाली, "वितीनं सांगते. चालंल का?"

"वीत कोणाची?" भाऊजींनी विचारलं.

"माजी! आनि कुनाची?"

"मग आधी वीत मोजा. पोराच्या शाळेच्या पुस्तकात पट्टी छापली असते, पाहा."

फोनमधून शालनचा आवाज आला, हळू, पण आम्हाला ऐकू यावा इतका. "आक्का, ह्ये पावनं कोन म्हनायचं? गवंडी हायत का वैदू?"

"इंजिनिअर आहेत."

"आनि संडासाचं माप कशाला पायजे त्यास्नी?"

मग तिच्या मुलाचं पुस्तक सापडलं, पट्टी सापडली, शालनची वीत साडेसात इंच निघाली. मी मनात म्हटलं, माझ्या पोळीएवढी. मग पुढचा तासभर शालन फोन घेऊन घरभर फिरली. पहिली पायरी एक वीत. दुसरी एक वीत आणि दोन बोटं. "बोट कोणतं?" भाऊजी. "मधलं!" शालन, दात ओठ खाऊन. माझ्या सासूबाईंची खाट दोन विती आणि दोन बोटं. मग फोन परसात गेला. पेरूचं झाड दिसलं, त्याच्याखाली कोंबड्या. मी पदर डोळ्याला लावला. भाऊजी म्हणाले, "थांबा थांबा, संडासाच्या दाराची रुंदी राहिली."

फोन ठेवल्यावर ते टेबलाशी बसले. चौकटीच्या कागदावर रेघा ओढू लागले. आमचे हे चहा करून उभे, मोजून, एकशेवीस मिली. बऱ्याच वेळानं त्यांनी कागद माझ्यापुढं फिरवला. आमचं घर होतं. चार खोल्या, परस, पेरूसुद्धा. त्याच खड्ड्यावर बसायचं भांडं, सतरा इंच. बाजूला धरायला दांडा. पायऱ्यांना कठडा. देव चौरंगावर, चौरंग टेबलावर, पुढं खुर्ची. भाजी निवडायला ओसरीत लाकडी बाक, सतरा इंच, हात असलेलं. खाटेला खाली दोन विटा.

"पाहा वैनी. गाव जागच्या जागी आहे. फक्त सतरा इंच वर उचलायचं आहे."

मी कागदाकडं बघत राहिले. तरी म्हणाले, "पण मांडी घालून जेवायचं ते जेवायचंच ना. आपल्या घरात."

भाऊजी एवढ्या हळू कधी बोलत नाहीत. म्हणाले, "आज घालता का मांडी?"

तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत मी एकदाही जमिनीवर बसले नव्हते. जी मांडी मोडेल म्हणून मी भीत होते, ती माझ्याकडं नव्हतीच.

त्यांनी वहीची मागची पानं काढली. "रागावू नका. हे मी विचारलं नाही, नुसतं लिहिलं. शनिवारी मी समुद्रावर असतो, तुम्ही कामावर जाता. पहिल्या वर्षी तुम्ही चौथ्या बाकावर बसत होत्या. मग तिसऱ्या. दिवाळीपासून दुसऱ्या. मागच्या शनिवारी घरातून निघाल्या आणि पहिल्याच बाकावर बसल्या." वही मिटली. "निर्णय तुमचा आहे. मी हो म्हणा असं म्हणत नाही. मी फक्त माप देतो."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि उगीचच फळीच्या कामाला लागले, पाठ करून. कागदावर दोन चौकोन होते. माझी शाळा सुटली तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. लग्नाच्या वेळी नाही, विमानात बसवलं तेव्हाही नाही. हो की नाही, असं विचारणारा तो माझ्या आयुष्यातला पहिला कागद. मी हो वर खूण केली. खूण एवढी मोठी झाली की चौकोनाच्या बाहेर गेली.

"चालते," पाठ न वळवता भाऊजी म्हणाले. "त्याचं माप नाही घेत ते."

पुढं तारीख आली. त्याच्या आधी दवाखान्यातून एक फॉर्म आला. घरातल्या खुर्चीची उंची, पलंगाची उंची, संडासाची उंची लिहून पाठवा. भाऊजींनी तो फॉर्म दोन्ही हातांत धरला. डोळे भरून आले होते त्यांचे. "पाहा वैनी! सरकार विचारून राहिलं! आणि लोक मले टेलर म्हणतात!" त्यांनी फॉर्म भरला, आणि न विचारलेल्या गोष्टींचं आणखी एक पान जोडलं. सोफ्याखाली लाकडी ठोकळे आले. साडेचौदाचा सोफा साडेअठरा झाला. आमचे हे बुटके, त्यांचे पाय लोंबायला लागले. ऑपरेशननंतर दवाखान्याकडून घर बघायला आलेल्या बाई सगळीकडं फिरल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "युअर मॅन नेक्स्ट डोअर, ही डिड ऑल धिस?" इथं कुणाही पुरुषाला 'युअर मॅन' म्हणतात. आमचे हे अभिमानानं म्हणाले, "येस. अवर मॅन."

ऑपरेशनबद्दल काय सांगू? सुई टोचली, कुणीतरी माझा हात धरून ठेवला, जाग आली तेव्हा मी जिवंत होते. दुखलं, खूप दुखलं. 'ठणकतंय' मी मराठीतच म्हटलं आणि त्या नर्सला कळलं. रोज गुडघा वाकवायचा, आणि तो किती वाकला हे टेपनं मोजता येईना. भाऊजी दोन दिवस अस्वस्थ. तिसऱ्या दिवशी दुकानातून शाळेच्या पोरांची कंपासपेटी घेऊन आले, कोनमापक लावला. "सत्तर." मग "ऐंशी." ज्या दिवशी नव्वद झालं त्या दिवशी त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि खालच्या मजल्यावरच्या म्हातारीनं छताला काठी आपटली.

सहा आठवड्यांनी मी काठीशिवाय पहिल्यांदा घराबाहेर पडले ती शेजारच्या दारापर्यंत. हातात डबा, पुरणपोळ्या, साडेसात इंची. इतक्या वर्षांत भाऊजींनी आम्हाला कधी घरात बोलावलं नव्हतं. एकटा माणूस, पसारा असेल, म्हणून आम्हीही कधी गेलो नव्हतो. दार उघडल्यावर ते गोंधळले. माझ्या पायाकडं बघितलं, आणि बाजूला झाले.

पसारा नव्हता. त्यांची स्वतःची खुर्ची एकच, जुनी, खोल, डुगडुगणारी. पण आतल्या खोलीचं दार उघडं होतं. खिडकीशी पलंग, खाली ठोकळे. बाजूला खुर्ची, पाठ सरळ, दोन्ही बाजूंना रुंद हात. भिंतीला दांडा. कोपऱ्यात छातीच्या उंचीला देवाची फळी, तिच्यावर कृष्णाची छोटी मूर्ती. पलंगावरची चादर घडी न मोडलेली.

"आईसाठी केली होती," ते म्हणाले. "तिचे दोन्ही गुडघे गेले होते. नागपूरला डॉक्टर म्हणे बदला. ती मले विचारे, अनंता, करू का? मी म्हणो, थांब, घाई नको, मी इकडे सगळं मोजून घेतो, मग ठरव. घर मोजलं. पायऱ्या मोजल्या. समुद्रापर्यंत कुठं कुठं बसशील ती बाकं मोजली." ते डब्याचं झाकण उगीच उघडून लावत होते. "तिलेच जायची घाई होती वैनी. मी मोजत राह्यलो."

त्यांनीच विचारलं, "बसता का? त्या खुर्चीत कोणी बसलं नाही अजून."

मी आत गेले आणि बसले. खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसत होती, आणि रस्त्यावरचं पहिलं बाक.

"आता उठा."

मी उठले.

"हात टेकावे लागले?"

"नाही."

त्यांनी खिशातून निळी वही काढली, एक जुनं पान शोधलं, आणि काहीतरी लिहिलं. काय ते मी विचारलं नाही. मग म्हणाले, "पुरणात जायफळ थोडं जास्त आहे," आणि पहिल्यांदाच आकडा सांगितला नाही.

त्या कागदाबरहुकूम गावच्या घराचं काम आता सुरू आहे. शालन रोज फोनवर सांगते, गवंडी वैतागलाय, म्हणतो परदेशातला इंजिनिअर बोटांत मापं देतो. भाऊजींचे आभार मानायला मी दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला आणि माझ्या चपलेची टाच मोजली.

म्हणून इथं सांगून ठेवते. भाऊजी, आम्ही गावी परत जाऊ तेव्हा तुम्ही यायचं आहे. मी माझ्या सतरा इंची बाकावर बसून पुरण वाटेन. पण तुमचे गुडघे अजून धड आहेत, तुम्हाला खुर्ची मिळणार नाही. तुमचा पाट मी स्वतः मांडणार, ओसरीत, जमिनीवर. शून्य इंचावर. आणि नव्या गुडघ्यानं जमेल तेवढी वाकून, तुमच्या आईनं वाढलं असतं तसं तुम्हाला वाढणार. अंदाजानं, भरपूर.